रबराचा पीळ

लातूरच्या बाजारांत सोयाबीन पोंचवून नांदेडकडे परतणारी एखादी जुनी पिकअप गाडी खड्ड्यांत उतरतांच खडखडते, ब्रेक दाबतांच एका बाजूस ओढ घेते. ही ओढ समोरून येणाऱ्याच्याही जिवावर बेतूं शकते. दोष पुष्कळदां पुढच्या रबरी बुशांत असतो.

चाकाचा आर्म चासीला जेथें जोडलेला असतो, तेथें दोन पोलादी नळ्यांमध्यें रबर घट्ट बसविलेलें असतें; हाच बुश. बोल्ट आंतली नळी आवळून धरतो. चाक वरखालीं होतांना नळी फिरत नाहीं. रबरच पीळ घेतें व पुन्हां सुटतें. उष्णतेनें आणि तेलानें तें कालांतरानें भेगाळतें.

बुश बदलतांना मागच्या चाकांस अडण लावून गाडी केवळ जॅकवर न ठेवतां लोखंडी घोड्यांवर टेकवावी. जुना बुश प्रेसनें काढावा. नवा बसवितांना तेलाऐवजीं साबणाचें पाणी वापरावें.

चूक होते ती शेवटीं. चाकें अधांतरीं लोंबत असतांनाच बोल्ट आवळला, तर गाडी खालीं येतांच रबरास कायमचा पीळ बसतो व नवा बुशही लवकर फाटतो. म्हणून गाडीचा भार चाकांवर आल्यावरच बोल्ट पुरता आवळावा, आणि मग चाकांची अलाइनमेंट तपासून घ्यावी.