सॉफ्टवेअर रचना व तंत्र-उद्योजकतेचे शिक्षण : वॉटर्लू विद्यापीठाचा को-ऑप प्रयोग आणि महाराष्ट्रातील ऑन जॉब ट्रेनिंग

बीजसंज्ञा : सॉफ्टवेअर रचना, को-ऑप शिक्षण, कार्यसत्र, तंत्र-उद्योजकता, ऑन जॉब ट्रेनिंग

१. प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या पदवीधरास स्वतंत्र प्रोग्राम लिहिता येतो. परंतु इतरांनी लिहिलेल्या मोठ्या प्रणालीत बिघाड न करता भर घालणे त्यास अनेकदा जमत नाही. ही उणीव केवळ अभ्यासक्रमातील विषय वाढवून भरून निघत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत महाराष्ट्रातील विद्यापीठांनी ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला श्रेयांक दिले. त्यामुळे विद्यार्थ्यास कोठे पाठवावे यापेक्षा तेथे तो नेमके काय शिकणार, हा प्रश्न प्राध्यापकवर्गापुढे उभा राहिला आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने याच प्रश्नाचे उत्तर प्रदीर्घ काळ शोधले आहे. प्रस्तुत लेखात त्या प्रयोगाचे स्वरूप स्पष्ट करून त्यातून आपल्या महाविद्यालयांना काय घेता येईल, याचे विवेचन केले आहे.

२. को-ऑप शिक्षणाची संकल्पना

अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये अभियांत्रिकीच्या २७ विद्यार्थ्यांसह को-ऑप शिक्षणास आरंभ केला. विद्यार्थी आळीपाळीने काही काळ वर्गात व काही काळ कारखान्यात राहत आणि कामाचे वेतन घेत. ‘को-ऑप’ हा शब्द येथे आपल्याकडील सहकारी संस्थेच्या अर्थाने येत नाही. शिक्षणसंस्था व उद्योग यांनी एकाच विद्यार्थ्याच्या घडणीची वाटून घेतलेली जबाबदारी, असा त्याचा अर्थ आहे.

महाराष्ट्राला श्रम व शिक्षण यांची सांगड नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेद्वारे रुजविलेली ‘कमवा व शिका’ योजना सर्वज्ञात आहे. तथापि दोहोंत एक भेद आहे. ‘कमवा व शिका’ योजनेत श्रम हे प्रामुख्याने शिक्षण घेणे शक्य करणारे साधन व स्वावलंबनाचा संस्कार आहे. को-ऑप पद्धतीत ते काम हाच अभ्यासविषयाचा भाग असतो.

३. सॉफ्टवेअर रचना केवळ वर्गात का शिकवता येत नाही?

१९६८ मध्ये पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ ही संज्ञा ठळकपणे पुढे आली. प्रणाली वेळेत पूर्ण होत नाहीत, खर्च वाढतो आणि दोष उरतात, ही तेव्हाची चिंता होती. १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी प्रणालीचे भाग कोणत्या निकषावर पाडावेत, याची मीमांसा केली. जे निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, तो प्रत्येक निर्णय एकेका भागात दडवावा, म्हणजे बदलाची झळ इतर भागांना लागत नाही, हे त्यांचे प्रतिपादन आजही रचनेचा पाया मानले जाते.

हे तत्त्व परीक्षेत लिहिणे सोपे आहे. ते पटण्यासाठी मात्र बदल प्रत्यक्ष यावा लागतो. वर्गातील प्रकल्पात मागणी आरंभापासून शेवटपर्यंत स्थिर असते, वापरणारा कोणी नसतो आणि गुणदान झाले की प्रोग्राम बाजूला पडतो. चुकीच्या रचनेची किंमत विद्यार्थ्यास कधीच मोजावी लागत नाही. नोकरीच्या ठिकाणी तो अनेक वर्षे चालत आलेल्या प्रणालीत प्रवेश करतो. तिथे आधीच्या लोकांचे निर्णय वाचावे लागतात आणि आपला बदल सहकाऱ्यांच्या तपासणीतून न्यावा लागतो.

दुसरे कारण सामाजिक स्वरूपाचे आहे. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये असे दाखवून दिले की, संस्थेतील संवादाची जी घडण असते, तीच तिने निर्मिलेल्या प्रणालीत उतरते. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ च्या ग्रंथात, रेंगाळलेल्या प्रकल्पात माणसे वाढविल्यास तो अधिकच रेंगाळतो, असे म्हटले. कारण नवागतास शिकविण्यात व परस्परसंवादात वेळ जातो. चार मित्रांच्या गटप्रकल्पात या गोष्टींचा पुरेसा प्रत्यय येत नाही.

४. वॉटर्लू येथील रचना

ऑन्टारिओ प्रांतातील वॉटर्लू येथे १९५७ मध्ये को-ऑप पद्धतीनेच अभियांत्रिकी शिक्षण सुरू झाले. वर्षाची चार-चार महिन्यांची तीन सत्रे असतात आणि शैक्षणिक सत्र व कार्यसत्र आलटून पालटून येतात. गणित व अभियांत्रिकी या दोन विद्याशाखांनी संयुक्तपणे चालविलेला सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू झाला. त्यात आठ शैक्षणिक सत्रांच्या जोडीला पाच ते सहा कार्यसत्रे येतात. त्यामुळे पदवीस सुमारे पाच वर्षे लागतात.

विद्यार्थ्यास जागा वाटून दिली जात नाही. तो अर्ज करतो, मुलाखत देतो व निवडला गेल्यास सवेतन काम करतो. कार्यसत्राच्या शेवटी नियोक्ता त्याचे मूल्यमापन करतो. पहिल्या कार्यसत्रात चाचण्या घेणे, लहान दोष दुरुस्त करणे अशी कामे स्वाभाविकपणे वाट्याला येतात. नंतरच्या सत्रांत एखाद्या भागाची रचना सोपविली जाऊ शकते. महत्त्वाचे हे की, दोन कार्यसत्रांच्या मध्ये विद्यार्थी वर्गात परततो. कामात पडलेला प्रश्न घेऊन तो रचनेच्या तासाला बसतो, तेव्हा पार्नास यांचे तत्त्व त्याला पाठांतराचा मजकूर वाटत नाही.

विद्यार्थ्यांवर खरे काम सोपविण्याची परंपरा तेथे जुनी आहे. १९६५ मध्ये पदवीच्या चार विद्यार्थ्यांनी आयबीएम ७०४० या संगणकासाठी ‘वॉटफोर’ हा फोरट्रान भाषेचा वेगवान कंपायलर तयार केला. विद्यार्थ्यांचे प्रोग्राम जलद तपासले जावेत ही विद्यापीठाचीच गरज होती; पुढे त्याचा वापर विद्यापीठाबाहेरही झाला.

५. उद्योजकतेशी संबंध

उद्योजकतेच्या पाठ्यपुस्तकात व्यवसाय आराखड्याचे प्रकरण असते. पण कोणती अडचण सोडविण्याजोगी आहे, हे ओळखण्याची दृष्टी कामाच्या जागीच येते. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे संगणकीकरण करताना वॉटर्लू येथे मोठ्या मजकुरात शोध घेण्याचे तंत्र विकसित झाले. त्यातूनच १९९१ मध्ये ओपन टेक्स्ट ही कंपनी उभी राहिली. एका कोशाच्या गरजेतून व्यापक उपयोगाचे तंत्र निघाले, हे येथे लक्षणीय आहे.

२००८ मध्ये विद्यापीठाने ‘व्हेलॉसिटी’ हा उपक्रम प्रथम उद्योजक विद्यार्थ्यांचे वसतिगृह या रूपात सुरू केला. ‘एंटरप्राइज को-ऑप’ या योजनेनुसार स्वतःचा उद्योग उभारण्याचे कामही कार्यसत्र म्हणून धरले जाते. शिवाय विद्यापीठाच्या धोरणानुसार बौद्धिक संपदेची मालकी सामान्यतः निर्मात्याकडे राहते. त्यामुळे विद्यार्थ्यास आपल्या कल्पनेवर काम करताना संकोच वाटत नाही.

यशासोबत अपयशाचीही नोंद आवश्यक आहे. वॉटर्लू येथे शिकलेल्या एरिक मिगिकोव्हस्की यांच्या ‘पेबल’ घड्याळासाठी २०१२ मध्ये लोकसहभागातून १ कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली. परंतु २०१६ मध्ये कंपनी बंद पडली व तिची काही मालमत्ता फिटबिटने घेतली. ज्या विद्यार्थ्याकडे कार्यसत्रांचा अनुभव आहे, त्याला उद्योग बुडाल्यावरही व्यवसायाची वाट खुली राहते. जोखीम पेलण्याची ही क्षमता को-ऑप शिक्षणाचे मोठे फलित होय.

६. भारतीय व महाराष्ट्रीय संदर्भ

भारतात पिलानी येथील बिट्स संस्थेने १९७३ मध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ सुरू केले. त्यात उन्हाळ्यातील सुमारे दोन महिने व नंतर जवळपास पूर्ण सत्र विद्यार्थी उद्योगात घालवितो. गोव्यातील परिसरातही हीच पद्धत आहे.

महाराष्ट्रात पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या पहिल्या वर्षी २०२३-२४ पासून ऑन जॉब ट्रेनिंगला ४ श्रेयांक देण्यात आले. एका श्रेयांकास ३० तास, या हिशेबाने हे १२० तास होतात. आठवड्यास ४० तास धरल्यास हा अवधी अवघा तीन आठवड्यांचा आहे. याउलट वॉटर्लूचे १६ आठवड्यांचे एक कार्यसत्र आठवड्यास ३५ ते ४० तासांनुसार ५६० ते ६४० तासांचे आणि पाच कार्यसत्रे सुमारे २८०० ते ३२०० तासांची होतात. तीन आठवड्यांत नवागतास प्रणालीची तोंडओळख होते, रचना हाती येत नाही. हे वास्तव न स्वीकारल्यास प्रमाणपत्र व शिक्का मिळविणे एवढाच हेतू उरण्याचा धोका आहे.

७. काही सूचना

(अ) १२० तासांसाठी मर्यादित पण खरे काम ठरवावे : चालू प्रणालीतील एक भाग वाचणे, त्याची आकृती काढणे, एक लहान दोष दुरुस्त करून त्याची चाचणी लिहिणे.

(आ) ग्रामीण महाविद्यालयांनी केवळ पुण्या-मुंबईच्या कंपन्यांकडे पाहू नये. नागरी सहकारी बँक, दूध संघ, साखर कारखाना, ग्रंथालय यांच्या संगणकीय गरजा जवळ व खऱ्या आहेत. ज्या विद्यार्थिनींना बाहेरगावी राहणे शक्य नसते, त्यांच्यासाठी हा मार्ग विशेष उपयुक्त ठरेल.

(इ) अहवालात ‘काय केले’ यापेक्षा ‘कोणता निर्णय घेतला, कोणता पर्याय नाकारला व का’ यास गुण असावेत. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने प्रोग्राम लिहून देऊ लागल्यानंतर निर्णयाची कारणमीमांसाच विद्यार्थ्याची खरी कसोटी आहे.

(ई) परतल्यावर प्रत्येकाचे अनुभवकथन रचनेच्या तासिकेशी जोडावे आणि मार्गदर्शक प्राध्यापकाच्या भेटी कार्यभारात धराव्यात.

(उ) वेतन वा निदान प्रवासखर्च मिळावा, असा आग्रह धरावा. अन्यथा चांगल्या जागा सधन विद्यार्थ्यांपुरत्याच राहतील.

८. समारोप

वॉटर्लूची रचना जशीच्या तशी उचलता येणार नाही. तेथील सत्रपद्धती, वेतन व उद्योगांचे जाळे अनेक दशकांत उभे राहिले आहे. मात्र तिचे सूत्र आपल्या आवाक्यात आहे : कामातून प्रश्न घ्यावा, वर्गात त्याचा अर्थ लावावा आणि पुन्हा कामाकडे जावे. विद्यार्थ्याच्या या येण्याजाण्यात प्राध्यापक उपस्थित असेल, तर १२० तासही वाया जाणार नाहीत.