गाडीला शोभणारे चाक : एक उशिरा झालेले निदान

अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून पंचवीस वर्षे मी इतरांच्या सांध्यांसाठी योग्य मापाची रोपणे निवडत आलो. कोणाच्या खुब्यात किती मिलिमीटरचा गोल बसेल, हे ठरवताना कधी घाई केली नाही. परंतु स्वतःच्या गाडीला नवी चाके घेण्याचा प्रसंग आला, तेव्हा हा सारा विवेक दुकानाच्या पायरीबाहेरच राहिला. त्या चुकीची ही कबुली.

गाडी मर्सिडीझची ई-क्लास. तिची मूळ १७ इंची चाके आमच्या चिरंजीवांना फारच साधी वाटत. त्यांच्या आग्रहाखातर एका दुकानातून १९ इंची, काळीभोर, झळाळती चाके बसवून घेतली. दुकानदाराने प्रश्न एकच विचारला, "साहेब, कलर कुठला देऊ?" मीही त्याला उलट प्रश्न केला नाही.

पुढच्याच जुलैत आईला घेऊन गोव्याहून चोर्ला घाटाने बेळगावला परतत होतो. तिचे वय ८२, खुब्याची शस्त्रक्रिया होऊन तीन महिने झालेले. कणकुंबी येण्याआधी पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचे चाक आदळले. टायरची बाजू फाटली, रिमची आतली कड तडकली. डिकीतले सुटे चाक काढले आणि खरा पेच उमगला. मर्सिडीझच्या मूळ चाकात बोल्टची बैठक गोलाकार असते. नव्या चाकांसोबत मिळालेले बोल्ट शंकूच्या बैठकीचे होते. गोलाकार खळग्यात शंकू केवळ अरुंद कडेवर टेकतो आणि गाडी चालू लागली की सैल होऊ शकतो. मूळ बोल्ट घरच्या फडताळात! मोबाईलला रेंज नव्हती. तीन तासांनी, गोव्यात भाजी उतरवून रिकामा परतणारा एक टेम्पो थांबला. त्याच्या उंच केबिनमध्ये आईला चढवताना माझे हात थरथरले, तसे शस्त्रक्रियागृहात कधी थरथरले नव्हते.

उद्यमबागेत फौंड्री चालवणाऱ्या एका स्नेह्यांना ते चाक दाखवले. तुटलेल्या पृष्ठभागावरची बारीक छिद्रे दाखवत ते म्हणाले, "डॉक्टर, एक्स-रे काढल्याशिवाय तुम्ही हाडात रॉड घालत नाही ना? मग हे कसं घातलंत?" चांगल्या कारखान्यात ओतीव चाकांचीही क्ष-किरण तपासणी होते, हे मला तेव्हा कळले. चाकाच्या पाठीमागे ना भारक्षमतेचा आकडा होता, ना कोणत्या मानकाची खूण.

त्यानंतर जे शिकलो, ते क्रमाने मांडतो.

पहिली बाब जुळणीची. मर्सिडीझ व ऑडीच्या बहुतेक सेडानना पाच बोल्ट असून ते ११२ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात. बी.एम.डब्ल्यू.च्या जुन्या ५-सीरिजमध्ये हा व्यास १२० होता; २०१७ पासूनच्या पिढीत तोही ११२ झाला. मधल्या छिद्राचे मापही हबशी जुळले पाहिजे. मर्सिडीझचा हब ६६.६ मिलिमीटरचा, तर बाजारातील अनेक चाकांचे छिद्र ७३.१ चे असते. मधली फट भरणारे कडे बसवले नाही, तर चाक मध्यावर नीट बसत नाही आणि स्टिअरिंग थरथरू लागते.

मग ऑफसेट, म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणाऱ्या पृष्ठभागाचे अंतर. साडेसात इंच रुंद व ४५ ऑफसेटच्या चाकाऐवजी साडेआठ इंची व ३५ ऑफसेटचे चाक घेतल्यास बाहेरची कड सुमारे २३ मिलिमीटर पुढे येते. टायर चिखलपंख्याला घासतो आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो.

दुसरी बाब भाराची. गाडीच्या मागच्या आसाच्या कमाल भाराला दोनाने भागावे. चाकाची क्षमता त्याहून कमी नसावी. जपानी जे.डब्ल्यू.एल. व व्ही.आय.ए. या खुणा किंवा जर्मनीच्या टी.यू.व्ही.ची मान्यता पाहावी. टायरचा भारांकही उतरू देऊ नये. ९७ म्हणजे ७३० किलो, ९४ म्हणजे ६७०. घडीव चाक महाग खरे, परंतु हलके आणि चिवट असते.

तिसरी बाब रबराची. २२५/५५ आर १७, २४५/४५ आर १८ आणि २४५/४० आर १९ या तिन्ही टायरांचा एकूण व्यास ६७८ मिलिमीटरच्या आसपासच येतो. म्हणजे मोठ्या रिमने चाकावरची मोकळी जागा भरून निघत नाही. केवळ धातू वाढतो आणि रबर घटते. टायरच्या बाजूची उंची अनुक्रमे १२४, ११० आणि ९८ मिलिमीटर. खड्ड्याचा आघात सोसणारी ही गादी, आपल्या सांध्यातल्या कूर्चेसारखी. पावसाळ्यात घाट ओलांडणाऱ्याने तिच्यात काटकसर करू नये.

चौथी बाब कायद्याची. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार करू देत नाही. म्हणून निर्मात्याने त्या मॉडेलला मान्य केलेल्या मापांतच राहावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

या सर्वांनंतर रूपाचा विचार. लांब बॉनेटच्या शांत सेडानला बारीक, अनेक आऱ्यांचे रुपेरी वा करडे चाक खुलते. भडक काळा रंग व जाड आरे तिचा डौल घालवतात, असे माझे मत.

आज माझ्या गाडीला १८ इंची घडीव चाके आहेत. बसवल्यानंतर शंभरेक किलोमीटरनी बोल्ट पुन्हा टॉर्क-पान्याने तपासून घेतले. सुट्या चाकाचे मूळ बोल्ट डिकीत त्याच्याशेजारीच पिशवीत बांधून ठेवले आहेत. गेल्या महिन्यात त्याच घाटातून येताना आई मागच्या आसनावर झोपी गेली, ती थेट जांबोटीला जागी झाली.

तेव्हा सहकारी मित्रहो, दुकानदाराने रंग विचारला, तर आपण आधी मापे विचारावीत. रोपण रुग्णाला बसवायचे असते. रुग्ण रोपणाला नव्हे.