गोठ्यात पडलेली आरएक्स १०० पुन्हा रस्त्यावर आणायचीय? पाना उचलायच्या आधी आरसी शोधा

पाथरी तालुक्यातल्या कुठल्याही गावात जा. दोन-चार घरांमागं एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये, सरकीच्या पोत्यांच्या आड एक जुनी गाडी उभी असतेच. कुठं राजदूत, कुठं येझदी, कुठं एम-८०. आणि घरातली पोरं जिच्याकडं सगळ्यात जास्त वेळा बघून जातात ती यामाहा आरएक्स १००. ‘अण्णांची गाडी आहे, एकदा नीट करायचीय’ हे वाक्य दरवर्षी कापूस विकल्यावर निघतं आणि पेरणी आली की विसरलं जातं.

ज्यांचं खरंच मनावर येतं ते बहुतेक जण काय करतात? आधी टाकीला रंग, मग नवे स्टिकर, मग क्रोमचं मडगार्ड. पैसे उरले तर इंजिन. ब्रेक त्यानंतर. आणि आरटीओचा विषय गाडी पोलिसांनी अडवल्यावर. खरं तर हा क्रम बरोबर उलटा पाहिजे. का, ते बघू.

एवढं काय आहे या गाडीत?

आरएक्स १०० भारतात आली १९८५ च्या शेवटी, एस्कॉर्ट्स आणि यामाहा यांच्या भागीदारीतून. १९९६ मध्ये बंद झाली. इंजिनाचं बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५० मिलिमीटर, म्हणजे ९८ सीसी. ताकद ११ बीएचपी आणि वजन शंभर किलोच्या जरासं वर. आजची स्प्लेंडर घ्या, तीही साधारण तेवढ्याच सीसीची, पण ताकद ८ बीएचपीच्या आसपास आणि वजन ११२ किलो. फरक येतो टू-स्ट्रोकमुळं. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागं एकदा पेट्रोल पेटतं, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला. पिकअप तिथून येतो. धूरही तिथूनच येतो, आणि प्रदूषणाचे नियम कडक व्हायला लागल्यावर अशा गाड्यांचे दिवस भरले.

आधी कागद

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते, असं गावोगाव ऐकायला मिळतं. ते दिल्लीच्या बातम्यांमुळं. महाराष्ट्रात खासगी गाडीला असं सरसकट वय नाही. पंधरा वर्षांनंतर गाडी आरटीओत दाखवायची, ती धड असेल तर नोंदणी पाच वर्षांसाठी वाढते, आणि पुढंही पाच-पाच वर्षांनी वाढवता येते.

पण याला पैसे पडतात. एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नूतनीकरणाची फी १,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं वीस वर्षांवरच्या दुचाकीसाठी ती २,००० केली. सगळ्यात शेवटची आरएक्ससुद्धा १९९६ ची, म्हणजे यातली एकही गाडी २,००० च्या खाली सुटत नाही. वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर.

खरा झटका उशिराच्या दंडाचा असतो. २०२२ च्या नियमांप्रमाणं मुदत संपल्यावर दुचाकीला उशिराच्या दर महिन्यामागं ३०० रुपये लागतात. तीन वर्षं उशीर म्हणजे ३६ महिने, म्हणजे १०,८०० रुपये. हा आकडा बोअर मारायच्या आधी कळलेला बरा. आरसी घेऊन परभणीच्या आरटीओ ऑफिसात जा आणि एकूण किती भरावे लागतील ते विचारा. गाडी जुन्या कागदी आरसी पुस्तकाच्या काळातली असेल तर ती ‘वाहन’ पोर्टलवर चढलेलीच नसते, असंही होतं. मग आधी तिची बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते.

गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर वारसाच्या नावावर करायचा फॉर्म वेगळा आहे, ३१ नंबरचा. कायद्यानं तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. आपल्याकडं हे वीस-वीस वर्षं राहून जातं आणि मग भावाभावांच्या सह्या गोळा करण्यात महिने जातात.

दुसऱ्याकडून जुनी गाडी विकत घेत असाल तर हँडलखाली फ्रेमच्या नळीवर ठोकलेला चॅसिस नंबर आणि इंजिनावरचा नंबर, दोन्ही आरसीशी ताडून बघा. आरएक्सच्या फ्रेममध्ये १३५ चं इंजिन बसवलेल्या गाड्या भरपूर फिरतात. आरसीवर ते इंजिन चढवलेलं नसेल तर गाडी कितीही चकाचक असली तरी कागदावर ती दुसरीच गाडी आहे. नंबर घासलेला दिसला तर सौदा तिथंच सोडा. भाव पडून मिळतोय म्हणून घेतलेली गाडी चोरीची निघाली तर ती जप्त होते आणि तुम्ही जबाब देत बसता.

‘व्हिंटेज’ नोंदणीबद्दलही बरेच जण विचारतात. २०२१ च्या नियमांत ती सोय आहे, पण पन्नास वर्षांवरच्या आणि मूळ रूपात असलेल्या गाड्यांसाठी. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि गाडी रोजच्या वापराला चालत नाही. १९८५ ची पहिली आरएक्सही २०३५ च्या आधी त्यात बसत नाही. घरात साठच्या दशकातली जावा असेल तर गोष्ट वेगळी.

इंजिन: किक मारू नका

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला उत्साहात किक मारणं ही पहिली चूक. सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरलेला असतो, रिंगा चिकटलेल्या असतात. जोर लावला की रिंग तुटते आणि सिलिंडरवर ओरखडा पडतो. त्यापेक्षा प्लग काढा, भोकातून थोडं ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी प्लग न लावताच हातानं किक हळूहळू दाबून इंजिन फिरतंय का बघा.

पिस्टन घासलेला असेल तर लेथवर सिलिंडर बोअर करतात आणि मोठ्या मापाचा पिस्टन टाकतात. ही मापं पाव-पाव मिलिमीटरनं वाढत जातात: ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.००. म्हणजे एका सिलिंडरला साधारण चार संधी, त्यानंतर नवा स्लीव्ह. गाडीच्या आधीच्या मालकानं यातल्या किती वापरल्यात ते पिस्टनच्या माथ्यावर ठोकलेल्या आकड्यावरून कळतं. म्हणून मेकॅनिकनं इंजिन उघडलं की तिथं हजर राहा. दोन शतकांश मिलिमीटर इकडंतिकडं झालं तरी गाडी एकतर खडखडते, नाहीतर तापून जाम होते. बोअरचं काम जवळच्या लेथवाल्यापेक्षा हात बसलेल्या लेथवाल्याकडं द्या, मग तो मानवतला असो नाहीतर परभणीला.

पण आरएक्सच्या बाबतीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते क्रँकच्या ऑइल सीलकडं. रबराची छोटी कडी, किंमत किरकोळ. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी तिथं येतं आणि मग वर ढकललं जातं. मॅग्नेटच्या बाजूचं सील वाळून तडकलं की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि पेट्रोलबरोबर येणारं टू-टी ऑइलही कमी. इंजिन तापतं आणि पिस्टन धरतं. परभणीच्या मे महिन्यात, डांबर वितळत असताना, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला हे झेपणं अवघडच. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर उलटं होतं: गिअर ऑइल आत खेचलं जाऊन जळतं, पांढरा धूर थांबत नाही आणि मालक ‘बोअर गेलं’ म्हणून पुन्हा बोअर मारून घेतो. क्रँक बाहेर काढलाच आहे तर दोन्ही सील आणि बेअरिंग बदलून टाका.

टाकी आणि आजचं पेट्रोल

टाकीतला गंज व्हिनेगर भरून, आत थोडे नट टाकून हलवला की सुटतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायची, लगेच वाळवायची आणि थोडं ऑइल फिरवायचं. नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा गंज. भोक असेल तर पेट्रोलचा वास येणारी टाकी वेल्डिंगला देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफच स्फोट करते.

आता पंपावर मिळणारं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं आहे. गंमत अशी की हे इथेनॉल काही अंशी उसातून येतं, आणि गोदाकाठी ऊस काय कमी आहे? पण १९८५ च्या गाडीचे रबर पाइप, कार्बोरेटरचे वॉशर आणि पेट्रोल कॉकचं पॅकिंग या पेट्रोलसाठी बनलेलं नव्हतं. ते फुगतं, नाहीतर चिरतं. हे सगळं नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं टाका. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यानं जुन्या जेटवर मिश्रण थोडं पातळही होतं, त्यामुळं मेकॅनिक कधीकधी एक नंबर मोठा मेन जेट टाकतात. इथेनॉल पाणी धरतं, म्हणून महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवा.

ब्रेक, टायर, वायरिंग

जुन्या ब्रेक शूचं लायनर चांगलं जाड दिसतं, पण मागचा गोंद मेलेला असतो आणि एक दिवस लायनर सुटून चाक अडकतं. शू बदलाच. ड्रममधली धूळ फुंकर मारून किंवा हवेनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्यानं पुसा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी दहा-पंधरा वर्षांचा टायर दगड झालेला असतो. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असेल तर ठिगळं लावण्यापेक्षा पूर्ण नवा सेट घालणं स्वस्त पडतं. कोन सेट, स्विंगआर्मचे बुश आणि केबलही याच वेळी.

सुटे भाग परभणीत बरेच मिळतात, नाही मिळाले तर पुण्याची नाना पेठ आहे. ‘ओरिजिनल जपान’ लिहिलेल्या पाकिटावर एकदम विश्वास टाकू नका. शक्य असेल तर गाडीचा जुना भागच साफ करून वापरा, त्याचं लोखंड बऱ्याच नव्या नकलांपेक्षा बरं असतं.

रंग आणि पहिले हजार किलोमीटर

रंग आता. मूळ रंग बदलायचा असेल तर तो आरसीवरही बदलावा लागतो. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असल्यानं नवी सुरक्षा नंबर प्लेट लागेल, विमा आणि पीयूसी तर आहेच. आवाजासाठी सायलेन्सरची जाळी काढायचा मोह आवरा. दंड तर आहेच, शिवाय टू-स्ट्रोकचा सायलेन्सर पोकळ नळी नसतो, त्याच्या आकारावर इंजिनाचा दम ठरलेला असतो. जाळी काढली की आवाज वाढतो आणि खालचा पिकअप जातो.

बोअर मारल्यावर पहिले पाचशे ते हजार किलोमीटर ताशी चाळीस-पन्नासच्या वर जायचं नाही, डबल सीट नाही, आणि एकाच वेगात लांब पल्ला नाही. ढालेगावच्या बंधाऱ्यापर्यंत जा, इंजिन थंड होऊ द्या, परत या. तिथं थांबल्यावर प्लग काढून रंग बघा. चॉकलेटी असेल तर बरोबर. काळा ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त. पांढरट असेल तर कुठून तरी हवा ओढतेय, गाडी सावकाश घरी आणा आणि पुन्हा ऑइल सीलपासून सुरुवात करा.