चाकांवरचा बैल, पायांवरचा हत्ती

पोळ्याच्या आठवड्यात रायपूरच्या कोणत्याही बाजारात जा, मातीचे बैल ओळीने मांडलेले दिसतील. इथे त्यांना नांदिया बैला म्हणतात. पायांखाली चार चाके, मध्ये काडीची आस, ओढायला दोरी. मुलींसाठी मातीचे जाते आणि चूल-भांडी. छत्तीसगडी शेजारी या सणाला ‘पोरा’ म्हणतात, आपण ‘पोळा’. नागपूरहून येऊन इथे स्थिरावलेल्या घरांत दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याची आठवण हमखास निघते. तिथला बैल लाकडाचा, पण चाके त्यालाही आहेतच.

बैलाला चाके कशाला? चालणारा बैल बनवणे अवघड, गडगडणारा सोपा, म्हणून. ही युक्ती फार जुनी आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला 1974 साली काशाची चार शिल्पे सापडली. बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्यांतले गेंडा आणि रेडा चक्क चाकांवर उभे आहेत. ज्या कारागिराला रेड्याची शिंगे इतकी हुबेहूब साधली, त्यानेही पायांच्या भानगडीत न पडता खाली चाके लावली!

मग मोटरवर खरोखर पाय उचलून टाकणारा प्राणी घरच्या घरी, ब्लॉक्सच्या किटमधून उभा करायचा म्हणजे काय? आमच्या पंडरीतल्या घरात गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत हा उद्योग चालला होता. त्यात जे कळले ते सांगतो, कारण किटच्या खोक्यावर ते लिहिलेले नसते.

आधी गेडीकडे बघा

चालण्याचे कोडे समजून घ्यायला आमच्या भागात एक छान सोय आहे. हरेलीला, म्हणजे आपल्या दिव्यांच्या आवसेला, छत्तीसगडात मुले बांबूच्या गेडीवर चढतात. गेडीवरचे मूल एका जागी शांत उभे राहिलेले पाहिले आहेत का? ते राहूच शकत नाही. तोल सावरायला सारखी पावले टाकावी लागतात. दोन पायांचे चालणे म्हणजे जवळजवळ पडणे आणि पडता पडता पुढचा पाय टेकवणे. हे काम साध्या मोटरीच्या आवाक्यातले नाही, म्हणून किटमधले बहुतेक चालणारे प्राणी चार किंवा त्याहून जास्त पायांचे असतात.

चार पायांत एक सवलत मिळते. तीन पाय जमिनीवर असले की त्यांचा त्रिकोण होतो. शरीराचा भार त्या त्रिकोणाच्या आत असेतोवर चौथा पाय निवांत उचलावा, प्राणी पडत नाही. हत्ती किंवा गाय सावकाश चालताना पाहा. आधी मागचा डावा, मग पुढचा डावा, मग मागचा उजवा, मग पुढचा उजवा. मागचा पाय पुढे येतो आणि त्याच बाजूचा पुढचा पाय त्याला जागा करून देतो. पंडरीच्या छत्तीसगड हाटात बस्तरचे ढोकरा हत्ती विकायला असतात. ते ओतीव धातूचे, चारही पाय जमिनीत रोवलेले. मुलाला तसा एक हातात देऊन विचारा की याने चालायचे ठरवले तर पहिला पाय कोणता? मोठी माणसेसुद्धा चुकतात.

माणसाने हे नीट पाहायला बराच उशीर केला. 1878 साली अमेरिकेत मायब्रिजने ओळीने कॅमेरे मांडून घोड्याची दौड टिपली आणि भरधाव घोड्याचे चारही पाय काही क्षण हवेत असतात हे जगाला दिसले. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात चेबिशेव्ह या रशियन गणितज्ञाने चार पायांवर चालणारे यंत्र मांडले होते. एकाने खरे पाय पाहिले, दुसऱ्याने पट्ट्यांचे पाय चालवले.

गोल फिरणे आणि पाऊल टाकणे

मोटर फक्त गोल फिरते. पावलाची वाट मात्र गोल नसते. ती खाली सपाट आणि वर कमानीसारखी असते. पाय जमिनीवर असताना सरळ मागे जातो, मग उचलून पुढे येतो. चाकाला एक खुंटी लावून तिच्यावर पाय अडकवला, तर पाऊल वर्तुळात फिरते आणि मॉडेल प्रत्येक पावलाला पाण्यातल्या होडीसारखे वरखाली होते. अगदी लहान मुलांना तेही आवडते, ते सोडा.

वर्तुळातून सपाट वाट कशी काढायची हे चेबिशेव्हने दाखवले, आणि ते पाहायला किटचीही गरज नाही. एका जाड पुठ्ठ्यावर 4 सेंटिमीटर अंतरावर दोन पिना टोचा. एका पिनेवर 2 सेंटिमीटरची पट्टी बसवा, ही गोल फिरणार. दुसऱ्या पिनेवर 5 सेंटिमीटरची पट्टी, ही नुसती डोलणार. आता 10 सेंटिमीटरची लांब पट्टी घ्या. तिचे एक टोक छोट्या पट्टीच्या मोकळ्या टोकाला जोडा आणि तिचा बरोबर मधला बिंदू डोलणाऱ्या पट्टीच्या टोकाला. लांब पट्टीच्या उरलेल्या टोकाला पेन्सिल. छोटी पट्टी सावकाश पूर्ण फिरवा. अर्धा फेरा पेन्सिल जवळजवळ सरळ रेघ काढते, सुमारे 8 सेंटिमीटर लांब. उरलेला अर्धा फेरा ती कमानीतून परत येते. लांब पट्टी मध्येच पहिल्या पिनेच्या डोक्यावरून जाते, तेव्हा ती पिन चपट्या डोक्याची हवी. नाहीतर तिथेच सगळे अडते.

किटमध्ये हेच मापात बसते. 11 भोकांच्या पट्टीत टोकाच्या भोकांमधले अंतर बरोबर 10 घरांचे, आणि मधले भोक पाचव्या घरावर. लेगोच्या पट्टीत हे एक घर 8 मिलिमीटरचे असते.

लेगोबद्दल थोडेसे. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या एका सुताराने 1932 साली ही कंपनी सुरू केली. आजच्या ब्लॉकचे पेटंट 1958 चे, आणि दातेरी चाके व आस असलेली टेक्निक मालिका 1977 ची. चालणाऱ्या मॉडेलांमध्ये 2007 साली आलेल्या स्टार वॉर्सच्या चारपायी एटी-एटी यंत्राचे नाव हौशी लोक अजून घेतात. 1137 तुकडे, आत मोटर, पुढे आणि मागे दोन्हीकडे चाले. 1980 च्या मूळ चित्रपटात हे यंत्र चालवताना चित्रकर्मींनी हत्तीच्या चालीचाच अभ्यास केला होता. तो संच कधीच बंद झाला. पण मोटर, बॅटरीची पेटी, भोकांच्या पट्ट्या आणि दातेरी चाके असलेल्या कोणत्याही किटमधून चार पाय उभे करता येतात.

मोटर सर्वांत शेवटी

आता प्रत्यक्ष बांधणी. भराभर पाने उलटत मोटरपर्यंत पोचायची घाई मुलांना असते. ती थोडी आवरा. सगळे पाय जोडून झाले की आधी हाताने आस फिरवून पाहा. बोटांना कुठे जड लागले तर मोटरलाही तिथेच जड लागणार. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असते. आसेवरचे कडे पट्टीला फार घट्ट बसलेले असते. मध्ये कागदाच्या जाडीएवढी फट ठेवली की फिरणे हलके होते.

मग वेग. अशा किटमधली मध्यम मोटर मोकळी फिरताना मिनिटाला सुमारे 400 फेरे घेते. ती थेट पायांना जोडली तर मॉडेल चालणार नाही, थरथरेल. 8 दात्यांचे चाक 24 दात्यांच्या चाकाला लावले की वेग एक तृतीयांश होतो. पुढे परत 8 वरून 40 वर नेले की त्याचाही एक पंचमांश. एकूण पंधरावा भाग, म्हणजे मिनिटाला सत्तावीसच्या आसपास फेरे, आणि तेवढाच जोर वाढतो. त्याहून संथ हवे असेल तर पिळ्याचा गिअर वापरा, स्क्रूसारखा दिसतो तो. त्याच्या एका फेऱ्यात समोरचे चाक एकच दाता सरकते. 24 दात्यांना 24 फेरे. याचा आणखी एक फायदा आहे. मोटर बंद केली तरी पाय उलटे फिरत नाहीत, आणि हत्ती एक पाय उचललेल्या ऐटीत तसाच उभा राहतो. फोटो काढायला उत्तम!

वजन कुठे आहे हेही पाहा. सहा पेन्सिल सेल मिळून सुमारे 140 ग्रॅम भरतात. मॉडेलमधला हा सर्वांत जड भाग पाठीवर उंच ठेवला तर पहिल्याच पावलाला लोटांगण. पेटी खाली, पोटाशी आणि मधोमध हवी. आणि पाय अडकून मोटर नुसती गुरगुरत राहिली तर लगेच बटण बंद. अडलेली मोटर तापते.

बांधणीच्या पुस्तिकेत पायरीपायरीची चित्रे असतात, शब्द नसतात. त्यामुळे टेबलावर कोणती भाषा चालणार हे घर ठरवते. आमचा भाचा शाळेत हिंदी बोलतो, मित्रांत छत्तीसगडी आणि घरी मिसळ. सुट्टीभर आजोबा त्याच्या शेजारी बसले. त्यांना लेगो ठाऊक नाही, पण रहाट, मोट आणि सायकल ठाऊक आहे.

“आजोबा, ये आगे जातच नाही, जागेवरच नाचतो.”

“अरे, पुढे जाईल कसा? दोन्ही डावे पाय एकदम उचलतोय तो. मागच्याची खुंटी पाव फेरा मागे घे. आस काढ, दाते मोज आणि परत बसव.”

आस, दाता, खुंटी, खाच, पल्ला, तोल, अडसर. हे शब्द त्याच्या पाठ्यपुस्तकात येणार नव्हते. महिन्याभरात तो मोटरच्या आवाजावरून “दाते घसरतायत” असे सांगू लागला. रायपुरात मराठी टिकवायला मंडळे आहेत, गणेशोत्सव आहेत, आणि ते हवेच आहेत. पण न चालणारे खेळणे दुरुस्त करताना जेवढी मराठी बोलली गेली, तेवढी एरवी आठवडाभरात घरात होत नाही, असे माझे मत झाले आहे. म्हणून मोठ्यांना एक विनंती. मूल झोपल्यावर गुपचूप सगळे नीट करून ठेवू नका. आणि तयार झालेले मॉडेल काचेच्या कपाटात तर नकोच.

खरी मजा फरशीवर सुरू होते. गुळगुळीत फरशीवर प्लॅस्टिकचे पाय मागच्या मागे घसरतात आणि हत्ती तिथेच. सतरंजीवर तो चालू लागतो, पण विणीच्या गाठींना अडखळतो. पंडरीत राहण्याचा फायदा असा की कापड बाजार दारातच. कट-पीसच्या ढिगातून कॉर्डरॉय, कॅनव्हास आणि पडद्याच्या जाड कापडाचा एकेक तुकडा आणा, एक मीटर अंतर आखा आणि घड्याळ लावा. कॉर्डरॉयवर रेषा आडव्या असताना आणि उभ्या असताना चाल वेगळी होते, हा भाच्याचा शोध. तळपायाला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कड्या चढवल्या की फरशीही जमते. गोंद मात्र लावू नका, तुकडा कायमचा जातो.

त्यानेच एकदा दोरीने नांदिया बैल हत्तीमागे बांधला. हत्ती जागच्या जागी पाय मारत राहिला. आजोबांनी हत्तीच्या पाठीवर नाण्यांची पुरचुंडी ठेवली, तसा तो बैल ओढत निघाला. वजन वाढले की पायांची पकड वाढते. पुरचुंडी फार जड झाली तेव्हा गुडघ्याची खुंटी निसटली, हेही त्याच संध्याकाळी कळले.

किट महाग वाटत असेल तर अडून बसू नका. लोखंडी पट्ट्यांचे मेकॅनिक्स घरात पडले असेल तर ते काढा. शाळेच्या प्रकल्पांत वापरतात ती गिअरवाली पिवळी बीओ मोटर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळते, तिला पुठ्ठ्याचे पायही चालतात. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर सहावीपासून पुढच्या मुलांना तिथे साहित्य मिळते. पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षे टाकाऊतून खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तके फुकट आहेत. आणि नेदरलँड्सचे थेओ यान्सेन 1990 पासून विजेच्या वायरिंगच्या पीव्हीसी नळ्यांतून समुद्रकिनाऱ्यावर चालणारे अवाढव्य प्राणी करतात. त्यांना मोटर नाही, बॅटरी नाही, वारा चालवतो. एका पायासाठी नळ्यांच्या अकरा लांब्या त्यांनी संगणकावर हजारो जोड्या तपासून ठरवल्या. त्यांचे व्हिडिओ फोनवर नव्हे, जमल्यास टीव्हीवर सगळ्यांनी मिळून पाहा.

पावसाळ्यात खेळ थांबला की सेल काढून ठेवायला विसरू नका. सेल गळले की पेटीचे पत्रे गंजतात. घरात रांगते मूल असेल तर छोट्या खुंट्यांचा डबा उंचावर.

आमचा हत्ती आता मोडला आहे. त्याच तुकड्यांतून सहा पायांचा मुंगळा चालू आहे. तीन पाय टेकलेले, तीन उचललेले, म्हणजे तोलाची काळजीच नाही असे भाच्याचे म्हणणे. मधले पाय अजून पुढच्यांना अडतात.