वाट मुळात कोणी सांगितली?

गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीहून भामरागडला जाताना हेमलकसा मागे पडले की पर्लकोटा नदी लागते. तिच्यावरचा जुना, बुटका पूल कित्येक पावसाळ्यांत पाण्याखाली गेला आणि पलीकडच्या गावांचा संपर्क तुटला. अशा वेळी ‘वाट चालू आहे’ ही शिळी बातमी आजारी माणसाला घेऊन निघालेल्यांना अडचणीत टाकू शकते. संगणकांच्या जाळ्यातही शिळ्या बातमीने असाच घोटाळा होतो. कसा, ते आपण पाहू.

जाळ्यात माहितीची पाकिटे पुढे धाडणाऱ्या यंत्राला राउटर म्हणतात. राउटर एकमेकांना वाटा सांगतात. सांगण्याच्या पद्धती मात्र अनेक आहेत. ‘रिप’ पद्धत वाटेत किती राउटर लागतात तेवढेच मोजते. मोजणी १५ पर्यंत चालते, १६ म्हणजे वाट नाही. ‘ओएसपीएफ’ पद्धत प्रत्येक जोडणीचा खर्च धरते आणि डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीने सर्वांत कमी खर्चाची वाट काढते. जणू एक जण मुक्काम मोजतो, दुसरा तास.

अशी दोन जाळी जोडायची तर सीमेवरच्या राउटरला दुभाष्या व्हावे लागते. माडिया आणि मराठी यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला हे काम नवे नाही. पण मुक्कामांचे तास थेट करता येत नाहीत. म्हणून राउटर जुना आकडा सोडून नेमून दिलेला नवा आकडा लावतो. गोम इथेच आहे.

समजा, सीमेवर ‘क’ आणि ‘ख’ असे दोन दुभाषे आहेत. रिपच्या भागातली एक वाट ‘क’ने ओएसपीएफच्या भागात सांगितली. ती फिरत ‘ख’कडे आली. ‘ख’ला तीच वाट रिपमधूनही ५ या आकड्याने कळली होती. पण सिस्को कंपनीच्या राउटरांत विश्वासाचा आकडा ओएसपीएफसाठी ११० आणि रिपसाठी १२० असतो. लहान आकडा अधिक विश्वासाचा. म्हणून ‘ख’ ओएसपीएफची बातमी खरी मानतो आणि रिपच्या भागात तीच वाट १ या आकड्याने परत सांगतो! शेजाऱ्यांना ५ पेक्षा १ बरा वाटतो. मग पाकिटे गोल फिरू लागतात. खरी वाट तुटली तरी बातमी मरत नाही, कारण सीमेवर मोजणी नव्याने सुरू होते आणि १६ चा आकडा येतच नाही.

दोष शोधायचा कसा? पाकिटाने घेतलेला मार्ग तपासावा. तेच दोन-तीन राउटर पुन्हा पुन्हा दिसले तर चक्र आहे असे समजावे. मग दोन्ही सीमांवरचे मार्गतक्ते पाहून विचारावे : ही वाट कोणी शिकवली? उपाय सोपा आहे. सीमा ओलांडताना वाटेवर उगमाची खूण चिकटवावी आणि आपल्याच भागाची खूण असलेली वाट परत घेऊ नये.

खूण हरवली की काय होते, ते २५ एप्रिल १९९७ रोजी दिसले. अमेरिकेतील एका छोट्या जाळ्याने इतरांच्या हजारो वाटा उगम पुसून स्वतःच्या म्हणून जाहीर केल्या. इंटरनेटचा मोठा भाग विस्कळीत झाला. दोषी राउटर काढून टाकल्यावरही चुकीच्या वाटा काही तास फिरत राहिल्या.

वर्गात हे करून पाहा. मुलांच्या दोन रांगा करून दोन्ही टोकांना एकेक दुभाष्या बसवा. ‘वाट चालू’ ही चिठ्ठी फिरवा. एका रांगेने हात मोजावेत, दुसरीने सेकंद. मध्येच ‘पूल बुडाला’ असे सांगा. जुनी चिठ्ठी किती वेळ फिरते ते पाहा. मग चिठ्ठीवर पहिल्या सांगणाऱ्याचे नाव लिहून खेळ पुन्हा खेळा.