वर राहणाऱ्यांचं बंदर

सांतियागोच्या पाहारितोस मेट्रो स्टेशनबाहेरून व्हालपारायसोच्या बस दिवसभर सुटत असतात. सुमारे 120 किलोमीटर अंतर, दीड तास, आणि वाटेत कासाब्लांकाच्या खोऱ्यातले द्राक्षमळे. पाठीवर सॅक टाकून चिली पाहायला निघालेल्या माणसाला याहून सोपा प्रवास मिळायचा नाही. पंचाईत होते ती उतरल्यावर. बसस्थानकासमोर देशाच्या संसदेची अगडबंब काँक्रीटची इमारत, सपाट रस्ते, बसगाड्यांची घरघर. छायाचित्रांत पाहिलेलं रंगीबेरंगी शहर गेलं कुठं? त्यासाठी मान वर करावी लागते.

इथले लोक शहराचे दोनच भाग मानतात. खालचा समुद्रालगतचा सपाट पट्टा म्हणजे ‘प्लान’, आणि वर ‘सेरो’, म्हणजे टेकड्या. त्या चाळीसहून जास्त आहेत. दोन टेकड्यांच्या मध्ये घळ, तिला ‘केब्रादा’ म्हणतात. बंदर, बँका, कचेऱ्या, बाजार खाली आणि बहुतेक वस्ती वर. पत्ता सांगताना आधी टेकडीचं नाव येतं, गल्लीचं नंतर. रत्नागिरीकडच्या पाखाड्या चढून ज्यांचे गुडघे तयार झाले आहेत त्यांना इथले जिने परके वाटणार नाहीत. फक्त ते संपता संपत नाहीत.

प्लानही बराचसा माणसानंच केलेला आहे. एकोणिसाव्या शतकात केप हॉर्नला वळसा घालून पॅसिफिकमध्ये शिरणाऱ्या जहाजांना पाणी, कोळसा, धान्य घ्यायला आणि मोडतोड दुरुस्त करायला हे पहिलं मोठं बंदर होतं. जागा कमी पडू लागली तशी समुद्रात भर घालत किनारा पुढं ढकलला गेला. इंग्रज, जर्मन, इटालियन व्यापारी येऊन बसले. 1827 साली इथं सुरू झालेलं ‘एल मेर्कुरिओ’ हे दैनिक, म्हणजे आपल्या ‘दर्पण’च्या पाच वर्षं आधीचं, अजून निघतं, स्पॅनिशमध्ये इतका काळ सलग निघणारं दुसरं दैनिक नाही. फुटबॉल इंग्रजांनी आणला. 1892 मध्ये स्थापन झालेल्या इथल्या क्लबचं नाव मात्र ‘सांतियागो वाँडरर्स’, कारण ‘व्हालपारायसो वाँडरर्स’ हे नाव आधीच कुणीतरी घेऊन ठेवलं होतं! राजधानीवाल्यांना नाकं मुरडणारं हे गाव रविवारी त्यांच्याच शहराच्या नावानं घसा कोरडा करतं.

मग दोन तडाखे बसले. 16 ऑगस्ट 1906 च्या संध्याकाळी मोठा भूकंप झाला आणि सुमारे तीन हजार माणसं गेली. सर्वांत जास्त पडझड झाली ती खालच्या एल आल्मेंद्राल या सपाट, भुसभुशीत भागात. पुढं 1914 मध्ये पनामा कालवा खुला झाला, आणि केप हॉर्नला वळसा घालायचं कारणच उरलं नाही. पैसा आटला, नवं बांधकाम थंडावलं. 2003 मध्ये युनेस्कोनं जो जुना भाग जागतिक वारसा म्हणून नोंदला, तो टिकला यात या गरिबीचाही हात आहे.

आता चढणीकडं वळू. प्रवासी बहुधा कॉन्सेप्सियॉन टेकडीची लिफ्ट धरतो. तिला इथं ‘आसेन्सोर’ म्हणतात. 1 डिसेंबर 1883 रोजी सुरू झालेली ही शहरातली पहिली. वणीच्या सप्तशृंगी गडावरची फ्युनिक्युलर ट्रॉली ज्यांनी पाहिली आहे त्यांना तत्त्व ठाऊक आहे: एका तारदोराच्या दोन टोकांना दोन डबे, एक उतरला की दुसरा चढतो. सुरुवातीच्या लिफ्ट पाण्याच्या जोरावर चालत, मग वाफ आली, मग वीज. डब्याचं बूड तिरपं, त्यावर त्रिकोणी सांगाडा, आणि सांगाड्यावर सपाट तळाची लाकडी खोली. गाडी चढाला लागली तरी आतल्या माणसाच्या हातातला कप हिंदकळत नाही. लोखंडी फिरकी दारातून आत जायचं, बाकावर टेकायचं, खिडकीतून बंदरातल्या क्रेन हळूहळू बुटक्या होताना पाहायच्या. दोनेक मिनिटांत खेळ खलास.

पण हा खेळ नव्हे, हे कळायला शेजारी पाहावं लागतं. एखादी बाई बाजारहाटाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, एखादा पोरगा गणवेशात, एखादे आजोबा काठी सावरत. समोरच्या देखाव्याकडं त्यांचं लक्षही नसतं. त्यांना वाचलेल्या पायऱ्यांशी मतलब. एकेकाळी अशा सुमारे तीस लिफ्ट होत्या. आज सोळा ‘राष्ट्रीय स्मारक’ म्हणून नोंदलेल्या आहेत. 2012 मध्ये सरकारनं त्यांपैकी दहा विकत घेतल्या. पर्यटकांची वर्दळ नसलेल्या टेकड्यांवरच्या फ्लोरिदा, मारिपोसास, मोंहास या लिफ्ट तरीही वर्षानुवर्षं बंद राहिल्या. स्मारक जपायचं म्हणजे रंग द्यायचा की माणसाला वर पोचवायचं, याचं उत्तर शहराला अजून नीट देता आलेलं नाही.

सगळ्यांत चक्रम लिफ्ट पोलांको टेकडीची, 1916 च्या सुमाराची. आधी डोंगराच्या पोटात सुमारे दीडशे मीटर लांबीच्या बोगद्यातून चालायचं. दमट हवा, पिवळट दिवे, आणि आपल्याच पावलांचा आवाज. शेवटी सरळ उभी विहीर, तिच्यातून डबा साठेक मीटर वर जातो आणि एका मनोऱ्यातून बाहेर पडतो. तिथून टेकडीवर जायला पूल. भिंतींवर चित्रं, दोरीवर कपडे, दारात कुत्रं झोपलेलं. पर्यटक थोडे.

बाकी दिवसाचा हिशेब झटपट देता येतो. बाबुरित्साचा वाडा, बेयाविस्ता टेकडीवरचं उघड्यावरचं चित्रसंग्रहालय, धक्क्यावरची नावेची फेरी. दुपारी चोर्रियाना खावी. बटाट्याच्या तळलेल्या काड्यांचा ढीग, त्यावर परतलेला कांदा, गोमांसाच्या पट्ट्या आणि अंडं. एका ताटात दोघंतिघं जेवतात, त्यामुळं कंजूष प्रवाशाचं ते लाडकं. खाली 1940 च्या दशकातल्या अमेरिकन बनावटीच्या ट्रॉलीबस डोक्यावरच्या तारांना धरून धावतात. मुंबईत बेस्टनं 1962 मध्ये ट्रॉलीबस आणल्या आणि 1971 मध्ये मोडीतही काढल्या. व्हालपारायसोनं 2003 मध्ये आपल्या जुन्या गाड्यांना स्मारकाचा दर्जा दिला.

कवी पाब्लो नेरुदाचं ‘ला सेबास्तियाना’ हे घर मात्र घाईत पाहू नये. सेबास्तियान कोयादो या स्पॅनिश बांधकामवाल्यानं ते बांधायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडून तो वारला. नेरुदानं मित्र दांपत्यासोबत ते विकत घेतलं, वरचे मजले स्वतःकडं ठेवले, घराला त्या बांधकामवाल्याचं नाव दिलं आणि 18 सप्टेंबर 1961 रोजी गृहप्रवेश केला. 1973 मध्ये लष्करी उठाव झाल्यावर घराची नासधूस झाली. त्या 11 सप्टेंबरच्या पहाटे पहिली हालचाल केली ती याच बंदरातल्या नौदलानं. सत्ता बळकावणारा पिनोशेही इथलाच, 1915 चा जन्म. संसद सांतियागोहून इथं हलवण्याचा बेत त्याच्याच राजवटीतला. सकाळी बसमधून उतरताना दिसलेल्या त्या इमारतीचा उलगडा असा संध्याकाळी होतो.

नेरुदाच्या घरापेक्षा कितीतरी वर, जिथं डांबरी रस्ता संपतो, तिथली घरं छायाचित्रांत येत नाहीत. पत्रे, फळ्या, मिळेल ते सामान. केब्रादांमध्ये वाळलेलं गवत, निलगिरी, साठलेला कचरा. 12 एप्रिल 2014 रोजी डोंगरमाथ्याकडून आग आली आणि वाऱ्यानं ती टेकडीवरून टेकडीवर नेली. 15 माणसं दगावली, सुमारे 2,900 घरं जळाली. अरुंद गल्ल्यांत बंब शिरेनात, पाणी पोचेना. ज्यांनी ती झुंज दिली ते अग्निशामक बिनपगारी होते. चिलीत आग विझवणं हे आजही स्वयंसेवकांचं काम आहे, आणि देशातलं पहिलं अग्निशामक दल 1851 मध्ये याच शहरात उभं राहिलं. जळालेल्या जागांवर बऱ्याच लोकांनी पुन्हा घरं बांधली. जाणार कुठं? पोटापाण्याचं काम खाली, आणि परवडणारी जागा वर.

तेव्हा हाताशी एकच दिवस असेल तर एक लिफ्ट कमी करा, पण 612 क्रमांकाची बस चुकवू नका. जुने लोक तिला अजून ‘ओ’ म्हणतात. अव्हेनिदा आलेमानिया या टेकड्यांच्या कमरेभोवती फिरणाऱ्या रस्त्यानं ती एकेक घळ वळसे घेत ओलांडते. जाताना समुद्राच्या बाजूची खिडकी धरा आणि येताना डोंगराच्या बाजूची.