मुक्या दंतव्यथेकडे लक्ष द्यावे

दिव्यांग बालकास दातदुखी बोलून सांगता येत नाही. ते जेवण टाळते, गालावर हात मारून घेते. आपण त्यास हट्टी समजतो. शिक्षकबंधुभगिनींनी अशा वेळी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास ते बालक दाखवावे. हा कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथूनच सुरू झाला असून त्यात दंतविकारांचीही तपासणी होते.

भ्यालेल्या बालकास दाबून धरण्याचे कारण नाही. नाकावाटे नायट्रस ऑक्साइड वायू देऊन त्यास शांत करता येते. तेवढ्याने न भागल्यास रुग्णालयात भूलतज्ज्ञ पूर्ण भूल देतात. त्यापूर्वी निदान सहा तास अन्न वर्ज्य असते, कारण उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. डहाणू-तलासरीहून पहाटे निघणारी माय लेकरास मायेने भाकरी भरवील. तिला हे आदल्या दिवशीच समजावून सांगावे.